अठ्ठावीस दिवस कुणाचे?

पाळीची नोंद ठेवणारं एखादं अ‍ॅप फोनवर घ्या. सुरुवातीलाच ते विचारतं, तुमचं चक्र किती दिवसांचं? आणि तुम्ही काही भरायच्या आत बऱ्याचदा तिथे एक आकडा आधीच येऊन बसलेला असतो : २८. मग तुमची पाळी ३२व्या दिवशी आली की तेच अ‍ॅप सांगतं, चार दिवस उशीर. उशीर कुणाच्या घड्याळाने, हे मात्र ते सांगत नाही.

मी या घड्याळाच्या मागे लागले त्याला एक कारण झालं. गेल्या वर्षी माझ्या एका संशोधक मैत्रिणीने पाळीच्या आरोग्याबद्दल एक ऑनलाइन प्रश्नावली तयार केली आणि तिचं मराठी करायचं काम माझ्याकडे आलं. तिचा एकच धोशा होता, "फक्त आपल्यासारख्या पोरींनी भरलेले फॉर्म नकोत गं." ते काम करता करता मी मागे मागे वाचत गेले. २८ हा आकडा चंद्राच्या महिन्याशी जवळपास जुळतो म्हणून तो फार जुन्या काळापासून लोकांच्या डोक्यात आहे. पण बायकांना प्रत्यक्ष विचारून, मोजून बघण्याची गोष्ट जेमतेम दीडशे वर्षांची आहे. त्या गोष्टीत मला निकालांपेक्षा एकच बाब जास्त खुणावत राहिली. प्रश्न नेमका कुणाच्या हातात पडला?

*

पहिला फॉर्म अर्थातच कागदाचा होता.

१८७३ साली बॉस्टनच्या डॉ. एडवर्ड क्लार्क यांनी 'सेक्स इन एज्युकेशन' नावाचं पुस्तक लिहिलं. गृहस्थ हार्वर्डच्या मेडिकल कॉलेजात शिकवलेले, त्यामुळे पुस्तक धडाधड खपलं. म्हणणं थोडक्यात असं, की मुलींनी पाळीच्या वयात मुलांसारखा अभ्यास केला तर शरीराची शक्ती मेंदूकडे वळते आणि जननसंस्थेची वाढ खुंटते. पुरावा काय, तर उपचारांसाठी आलेल्या मोजक्या मुलींच्या कहाण्या. आता दवाखान्यात आलेली मुलगी आजारी असणारच! जी धडधाकट होती, अभ्यास करून पास होत होती, ती क्लार्कसाहेबांच्या दारात कशाला जाईल?

पुढे हार्वर्डच्या बॉयल्स्टन पारितोषिकासाठी विषयच ठेवला गेला : पाळीच्या दिवसांत स्त्रियांना विश्रांतीची गरज असते का, आणि किती? निबंध नाव न घालता द्यायचे होते. १८७६ चं पारितोषिक ज्या निबंधाला मिळालं, तो डॉ. मेरी पुटनम जेकोबी यांचा निघाला. त्या हार्वर्डच्या मेडिकल कॉलेजात बायकांना प्रवेशही नव्हता. तो मिळायला १९४५ उजाडलं.

जेकोबीबाईंनी केलं ते साधं होतं. त्यांनी बायकांनाच विचारलं. एक हजार प्रश्नावल्या वाटल्या, त्यातल्या २६८ भरून परत आल्या. (आजचे ऑनलाइन सर्व्हेवाले एवढ्या प्रतिसादावर पेढे वाटतील.) दुखतं का, किती दुखतं, शिक्षण किती, काम काय, किती चालू शकता असे प्रश्न. शिवाय काही जणींच्या नाडीचे आलेख घेऊन महिनाभरातले चढउतार पाहिले. निष्कर्ष असा, की ज्यांची तब्येत एरवी बरी आहे त्यांनी पाळी आली म्हणून काम किंवा अभ्यास थांबवायचं काही कारण नाही.

ज्यांच्याबद्दल बोलायचं त्यांनाच विचारणं ही त्या काळात मोठी झेप होती. तरी हातात कागद पडायला आधी वाचता यावं लागतं, उत्तर लिहिता यावं लागतं, आणि असल्या विषयावरचा कागद घरात ठेवायची सोय लागते. त्या २६८ उत्तरांमागे ही चाळणी होतीच.

इथे एक धागा आपल्याकडे येतो. फिलाडेल्फियाच्या स्त्रियांच्या ज्या मेडिकल कॉलेजातून जेकोबी १८६४ मध्ये डॉक्टर झाल्या, त्याच कॉलेजातून २२ वर्षांनी, १८८६ मध्ये, आनंदीबाई जोशी झाल्या. त्यांचा प्रबंधही बायकांच्याच विषयावर होता, हिंदूंमधल्या प्रसूतिशास्त्रावर. कोल्हापूरच्या दवाखान्यात स्त्रियांचा विभाग त्यांची वाट बघत होता. तिथे बायकांना त्यांच्या भाषेत विचारणारी, त्यांच्या घरची रीत ठाऊक असलेली डॉक्टर आली असती. फेब्रुवारी १८८७ मध्ये आनंदीबाई गेल्या.

*

कागदानंतर आलं कार्ड.

१९३४ साली अमेरिकेतल्या मिनेसोटा विद्यापीठात अ‍ॅलन ट्रेलोर नावाच्या संख्याशास्त्रज्ञाने विद्यार्थिनींना एक विनंती केली. वर्षाचं कॅलेंडर छापलेलं कार्ड घ्या, रक्तस्राव सुरू झाला तो दिवस आणि थांबला तो दिवस त्यावर खूण करून नोंदवा, वर्ष संपलं की कार्ड पोस्टाने परत पाठवा. बस्स. पोरी लग्न होऊन गावोगाव गेल्या, बाळंतपणं झाली, मधे महायुद्ध होऊन गेलं, पण कित्येकींनी कार्ड पाठवणं सोडलं नाही. पुढे काहींच्या मुलीही यात आल्या. मला या सगळ्या इतिहासातलं हे सगळ्यात लोभस चित्र वाटतं. स्वयंपाकघरातल्या खिळ्याला अडकवलेलं कार्ड आणि त्याला दोरीने बांधलेली पेन्सिल, असं काहीतरी मी आपलं मनात रंगवते.

१९६७ मध्ये ट्रेलोर आणि सहकाऱ्यांनी हिशेब मांडला. सुमारे २,७०० स्त्रिया आणि पावणेतीन लाखांच्या आसपास चक्रं. त्यातून जे दिसलं ते आजही पाठ्यपुस्तकांत आहे : पाळी सुरू झाल्यानंतरची काही वर्षं आणि जायच्या आधीची काही वर्षं चक्र खूप हेलकावे खातं, मधल्या वर्षांत त्यातल्या त्यात स्थिर असतं, आणि घड्याळासारखी ठरावीक दिवशी येणारी पाळी हा अपवाद असतो. म्हणजे २८च्या दंतकथेला पहिला मोठा सुरुंग या कार्डांनी लावला.

पण ही कार्डं कुणाची? १९३०च्या दशकात मिनेसोटात कॉलेजपर्यंत पोहोचलेल्या मुलींची. जवळजवळ सगळ्या गोऱ्या, बहुतेकींचं मूळ उत्तर युरोपातलं. जगभरच्या डॉक्टरांनी पुढची कित्येक वर्षं 'नॉर्मल' म्हणून जे शिकलं, त्याचा मोठा भाग या मुलींच्या पेन्सिलीतून आला. ट्रेलोर यांनी कुणाला मुद्दाम वगळलं असं नव्हे. ते विद्यापीठात होते, समोर विद्यार्थिनी होत्या. सोयीचं होतं ते झालं.

मुद्दाम वगळण्याचंही उदाहरण आहे. १९७७ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने नव्या औषधांच्या सुरुवातीच्या चाचण्यांमधून मूल होऊ शकेल अशा वयाच्या स्त्रियांना दूर ठेवायला सांगितलं. हेतू पोटातल्या बाळाच्या रक्षणाचा. ती सूचना १९९३ मध्ये मागे घेतली गेली, आणि सरकारी पैशांवरच्या वैद्यकीय संशोधनात स्त्रियांना आणि अल्पसंख्याकांना घेतलंच पाहिजे असा कायदा तिथे त्याच वर्षी झाला.

*

अमेरिकेत कागद, कार्डं आणि कायदे चालू होते त्या काळात पत्रही जात नाही आणि गेलं तरी वाचलं जात नाही अशा ठिकाणी हा प्रश्न कसा विचारायचा, याचं उत्तर गडचिरोलीत शोधलं गेलं.

डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग १९८०च्या दशकात अमेरिकेत सार्वजनिक आरोग्य शिकून परत आले आणि गडचिरोलीत 'सर्च' ही संस्था उभी केली. तेव्हा खेड्यातल्या बाईचं आरोग्य म्हणजे सरकारी भाषेत दोनच गोष्टी : बाळंतपण आणि कुटुंबनियोजन. पोटात मूल नसेल त्या दिवसांत बाईच्या अंगात काय चालतं, हे खेड्यात जाऊन कुणी मोजलं नव्हतं. जे आकडे होते ते हॉस्पिटलांचे. म्हणजे पुन्हा क्लार्कसाहेबांचंच दार : आली ती मोजली.

बंग यांनी दोन गावं घेतली, वसा आणि अमिर्झा. ठरवलं असं, की आजारी असो नसो, तक्रार असो नसो, १३ वर्षांच्या पुढच्या सगळ्या मुली-बायकांना तपासणीला बोलवायचं. लग्न न झालेल्या मुलींनासुद्धा. ते वाक्य लिहायला सोपं आहे. पण १९८६च्या आसपासचं खेडं डोळ्यांपुढे आणा. 'अंगावरून जातं' हे ज्या बाईने सख्ख्या बहिणीलाही कुजबुजत सांगितलं असेल, तिने तपासणीच्या टेबलावर झोपायला तयार व्हायचं. अविवाहित मुलीची तपासणी झाली तर उद्या तिच्या लग्नाचं काय, हा आईच्या मनातला प्रश्न वेगळाच. त्यासाठी आधी गावाशी बोलावं लागलं, बायकांशी वेगळं बसून बोलावं लागलं, गावातल्याच माणसांना मधे घ्यावं लागलं. तपासणारी डॉक्टर बाई होती आणि तपासणी गावातच होती. तरी सगळ्या आल्या नाहीतच. आल्या त्या ६५०.

निकाल जानेवारी १९८९ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये छापून आला. ९२ टक्के बायकांना स्त्रीरोग किंवा लैंगिक आजारांपैकी काही ना काही निघालं, एकेकीला सरासरी ३.६ आजार. त्यात पाळीच्या तक्रारीही होत्या. आणि यापूर्वी कधीतरी अशी तपासणी झालेल्या बायका किती? ८ टक्के.

हे दोन आकडे शेजारी ठेवून बघा. दवाखान्यात बसून मोजणाऱ्याला शंभरातल्या फार तर आठ जणी दिसल्या असत्या. उरलेल्या ठणठणीत आहेत असं तो खुशाल म्हणाला असता. या निबंधाचा परिणाम दूरवर झाला, १९९४च्या कैरोच्या लोकसंख्या परिषदेच्या सुमाराला 'प्रजनन आरोग्य' हा शब्द जगभर रुळला त्यामागे अशा कामांचा हात होता. राणीताईंच्या मराठी पुस्तकाचं नाव 'कानोसा' आहे. प्रश्नावलीला इतका नेमका मराठी प्रतिशब्द मला अजून सापडलेला नाही.

*

आता एकदम आपल्या फोनवर येऊ, २०२१ मध्ये.

फेब्रुवारीत इलिनॉय विद्यापीठातल्या मानववंशशास्त्रज्ञ केट क्लॅन्सी यांनी ट्विटरवर विचारलं, की कोविडची लस घेतल्यावर कुणाच्या पाळीत फरक पडलाय का? त्यांना स्वतःला तसा अनुभव आला होता. उत्तरांचा पाऊस पडला. लसीच्या मोठ्या चाचण्यांत हजारो स्त्रिया होत्या, पण पाळीत काय बदल झाला हे त्यांना पद्धतशीर विचारलंच गेलं नव्हतं. क्लॅन्सी आणि त्यांच्या सहकारी कॅथरिन ली यांनी एप्रिलमध्ये ऑनलाइन सर्व्हे सुरू केला. लिंक फिरली, आणि पहिल्या तीनेक महिन्यांच्या उत्तरांतले ३९,१२९ लोक त्यांच्या निबंधासाठी घेता आले. तो २०२२ मध्ये 'सायन्स अ‍ॅडव्हान्सेस'मध्ये आला. ज्यांची पाळी नियमित होती त्यांच्यापैकी ४२ टक्के जणींनी सांगितलं, की लसीनंतर रक्तस्राव जास्त झाला.

या सर्व्हेत मला आवडलं ते असं, की त्यांनी फक्त 'नियमित पाळी येणाऱ्या स्त्रिया' असा दरवाजा ठेवला नाही. पाळी थांबलेल्या बायका, गर्भनिरोधकामुळे पाळी न येणाऱ्या, हार्मोन घेणारे ट्रान्स पुरुष, सगळ्यांना जागा होती. पाळी बंद होऊन वर्षं झालेल्या बाईला अचानक रक्त दिसलं तर तिला सगळ्यात जास्त भीती वाटते, आणि नेहमीच्या अभ्यासात तिलाच घेतलेलं नसतं. पण अशा सर्व्हेची मर्यादाही संशोधकांनी स्वतःच लिहिली आहे : ज्यांना त्रास झाला त्या लिंक उघडायची शक्यता जास्त, त्यामुळे हे ४२ टक्के म्हणजे साऱ्या जगातल्या बायकांचे ४२ टक्के नव्हेत.

त्याच सुमाराला दुसऱ्या टोकाने अ‍ॅलिसन एडलमन यांच्या गटाने 'नॅचरल सायकल्स' या अ‍ॅपमधल्या नोंदी घेतल्या. ३,९५९ जणी, काही लस घेतलेल्या, काही न घेतलेल्या, आणि नोंदी आधीपासूनच चालू, त्यामुळे तुलना पक्की. लसीनंतर चक्र लांबलं ते सरासरी एका दिवसाहूनही कमी. दिलासा देणारी बातमी होती. मात्र हे अ‍ॅप पैसे भरून वापरायचं, वापरणाऱ्या बहुतेक गोऱ्या आणि उच्चशिक्षित, आणि अभ्यासात घेतल्या त्या आधीची चक्रं २४ ते ३८ दिवसांत बसणाऱ्याच. ज्यांची पाळी आधीच बेभरवशाची, त्यांना या दिलाशात वाटा नव्हता.

आपल्याकडे त्याच एप्रिलमध्ये काय चाललं होतं आठवतं का? १ मेपासून १८ वर्षांवरच्या सगळ्यांना लस मिळणार होती आणि व्हॉट्सअ‍ॅपवर मेसेज फिरत होता, की पाळीच्या पाच दिवस आधी आणि पाच दिवस नंतर मुलींनी लस घेऊ नये. सरकारच्या पत्र सूचना कार्यालयाला तो खोटा आहे असं जाहीर करावं लागलं. मेसेज खोटाच होता. पण आमच्या घरच्या ग्रुपवर त्याच्याखाली बायकांनी विचारलेले प्रश्न खरे होते, आणि त्यांची नोंद घेणारा कुठलाच फॉर्म मराठीत नव्हता.

*

मोठ्या प्रमाणावर मोजणी सध्या चालू आहे ती अ‍ॅपल कंपनी आणि हार्वर्डच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या अभ्यासात. २०१९ मध्ये तो सुरू झाला. २०२३ मध्ये त्यातला एक निबंध आला : १२,६०८ जणी, १,६५,६६८ चक्रं. वय, वजन आणि वंश यांनुसार चक्र बदलतं हे त्यात स्पष्ट दिसलं. गोऱ्या स्त्रियांच्या तुलनेत आशियाई स्त्रियांचं चक्र सरासरी १.६ दिवसांनी लांब निघालं, हिस्पॅनिक स्त्रियांचं ०.७ दिवसांनी. म्हणजे अ‍ॅपने ज्याला 'उशीर' म्हटलं, त्यातला थोडा भाग उशीर नसून मापपट्टीचाच असू शकतो. अर्थात हे 'आशियाई' म्हणजे अमेरिकेत राहणारे, आणि कोरियापासून कोकणापर्यंतच्या सगळ्या एकाच चौकोनात. तेवढ्यावरून बार्शीच्या मुलीचं गणित मांडायला मी जाणार नाही.

भाग घ्यायच्या अटी वाचताना मी एका ओळीपाशी थांबले. अमेरिकेत राहणारी हवी, इंग्रजी यायला हवं, आयफोन हवा, हे अपेक्षितच होतं. पुढची अट अशी, की तो फोन तुम्ही एकटीच वापरत असायला हव्यात.

आमच्या प्रश्नावलीची लिंक मी मावशीला पाठवली तेव्हा तिचा उलट फोन आला. "अगं, असलं काही या फोनवर धाडू नकोस. दिवसभर फोन पोराकडे असतो." २०१९-२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत भारतातल्या ३३.३ टक्के स्त्रियांनी कधीतरी इंटरनेट वापरलं होतं, पुरुषांमध्ये हेच ५७.१ टक्के. स्वतः वापरते असा मोबाइल असलेल्या स्त्रिया ५४ टक्क्यांच्या आसपास. फोन घरात असणं आणि फोन तिचा असणं यात किती अंतर आहे, ते मावशीने एका वाक्यात सांगितलं.

मग तिला मी प्रश्न फोनवरच वाचून दाखवले, दुपारी, घरात कुणी नसताना. पाऊण तास लागला. भाषेचीही गंमत कळली. मी 'मासिक पाळी' लिहिलं होतं, ती म्हणे एवढं कशाला, 'महिना' म्हण. आमच्या कॉलेजात 'डेट', आईच्या पिढीत 'एम.सी.', आजीच्या तोंडी 'कावळा शिवला' नाहीतर 'बाहेरची झाली'. 'अडचण आहे' हे तर सगळ्यांनाच कळतं. 'रक्तस्रावाचं प्रमाण' या प्रश्नावर मावशीने विचारलं, "म्हणजे किती घड्या बदलल्या असंच ना?" आम्ही तो प्रश्न बदलून तसाच केला. घड्या, पॅड, कप, काय वापरता ते आधी, मग दिवसातून किती वेळा बदलता.

आणखी एक बदल मैत्रिणीने स्वतःहून केला. पहिला प्रश्न होता, 'शेवटची पाळी कोणत्या तारखेला आली?' त्याच्या आधी तिने एक ओळ घातली : 'पिशवी काढली आहे का?'

ही ओळ बीडमुळे आली. २०१९ मध्ये तिथल्या ऊसतोड कामगार बायकांची गर्भाशयं मोठ्या संख्येने काढली जात आहेत हे पुढे आल्यावर राज्य सरकारने नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. ८२,३०९ बायकांच्या पाहणीत १३,८६१ जणींची पिशवी काढलेली निघाली. फडात नवरा-बायको मिळून एक कोयता धरला जातो. उचल आधीच घेतलेली असते. एक दिवस खाडा झाला की मुकादम पैसे कापतो. पालाजवळ ना पाणी ना संडास. पाळीचा त्रास असा महाग पडतो, आणि 'पिशवीच काढून टाका' हा सल्ला मग स्वस्त वाटायला लागतो. यातल्या कितीतरी बायका ऐन तिशीतल्या. कुठल्याही अ‍ॅपच्या आलेखात त्यांचं चक्र लांब नाही, आखूड नाही, उशिराने नाही. ते तिथे नाहीच.

मैत्रीण आता तिकडे जायचं म्हणते आहे, फॉर्म कागदावर छापून, आशाताईंना सोबत घेऊन. वेळेचा हिशेब तिने मांडून ठेवलाय. दसऱ्यानंतर गाड्या भरायला लागतात आणि पुढचे पाच-सहा महिने गावं रिकामी होतात. जायचं तर पावसाळ्यात, बायका घरी असताना, आणि तेही दुपारी, भांगलणीहून परतल्यावर.